खिडकीसमोर आरसा लावताय?

भोकं पाडायची घाई नको. आधी आरसा दोन दिवस तिथे नुसता टेकवून ठेवा. खिडकीबाहेर झाड असेल तर उत्तमच, पण समोरच्या बिल्डिंगमधले दोरीवरचे कपडे असतील तर तेही दोनदा बघावे लागतील! पश्चिमेच्या खिडकीसमोर तर नकोच. चारनंतर ऊन थेट सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांत जातं. त्यापेक्षा खिडकीशेजारच्या, काटकोनातल्या भिंतीवर लावा. उजेड पसरतो, डोळे दिपत नाहीत. ती भिंत पावसाळ्यात ओल धरत नाही ना, तेवढं बघा, नाहीतर आरशाची कड काळी पडते. आणि चेहरा मोठा दाखवणारा अंतर्गोल आरसा उन्हात अजिबात ठेवू नका. किरणं एकवटून पडदासुद्धा पेटू शकतो.