दोन ताऱ्यांना उत्तर देण्याआधी

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र मिळालं, सोबत जोडलेला, त्या दोन ताऱ्यांच्या गूगल रिव्ह्यूला द्यायच्या उत्तराचा मसुदाही. तो अजून कुठे टाकला नसशील तर टाकू नकोस. का, ते पुढे लिहिते. आधी तुझा मूळ प्रश्न. तुझ्या दातांच्या नव्या दवाखान्यात ओळखीपाळखीचे पेशंट येऊन गेले, आता अनोळखी माणसं यायला हवीत, त्यासाठी गूगलवर रिव्ह्यू लागतात, मग ते वाढवायचे कसे?

रिव्ह्यूंचा उपयोग होतो, यात वाद नाही. जवळचा दवाखाना शोधणाऱ्याला कोणाचं नाव वर दाखवायचं हे तीन गोष्टींवर ठरतं, असं गूगल स्वतःच सांगतं: शोधाशी काय जुळतं, अंतर किती आणि ठिकाण किती नावाजलेलं. तिसऱ्या गोष्टीत रिव्ह्यूंची संख्या आणि रेटिंग दोन्ही धरली जातात. मायकेल लूका या अर्थतज्ज्ञाने सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता. येल्प या अमेरिकेतल्या रिव्ह्यूंच्या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्याला दिसलं. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हा परिणाम एकेकट्या, स्वतंत्र रेस्टॉरंटांवर होत होता. मोठ्या साखळ्यांवर नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. रेस्टॉरंटचा आकडा दातांच्या दवाखान्याला लावायचा नाही, पण कारण लागू पडतं. तुझं नाव अजून कोणाला माहीत नाही, त्यामुळे तुझ्याबद्दल परक्या माणसाने लिहिलेल्या चार ओळींना वजन आहे.

पण त्या चार ओळींत काय असावं, इथे बहुतेक डॉक्टरांची गल्लत होते. आपल्याला वाटतं, लोकांनी आपल्या हातातलं कसब वाखाणावं. पेशंटला ते दिसतच नाही. रूट कॅनाल मुळाच्या टोकापर्यंत नीट भरलं गेलं का, हे एक्स-रेवर तुला कळतं, त्याला नाही. त्याला कळतं ते वेगळंच: सुई टोचताना किती दुखलं, बाहेर किती वेळ ताटकळत बसावं लागलं, हात वर केल्यावर डॉक्टर थांबल्या का, आणि मधेच खर्च वाढला तर तो कोणी समजावून सांगितला का.

आता वाचणाऱ्याच्या बाजूने बघ. दाढ ठणकतेय, झोप लागत नाही, म्हणून तो रात्री फोन हातात घेतो. त्याला तुझी पदवी बघायची नसते. दुखेल का, नसलेलं काम गळ्यात मारतील का, हे त्याच्या मनात असतं. आणि आणखी एक गोष्ट असते, जी कोणी बोलून दाखवत नाही: इतकी वर्षं दातांकडे लक्ष दिलं नाही म्हणून रागावतील का? ही लाज फार मोठी असते. दुखण्यापेक्षा तिच्यापायी जास्त लोक दंतवैद्याकडे जायचं टाळतात, असं माझं मत आहे.

या माणसाला ‘खूप छान डॉक्टर, बेस्ट सर्व्हिस’ याचा काडीचा उपयोग नाही. याउलट समजा कोणी लिहिलं, ‘खालची अक्कलदाढ काढली. इंजेक्शनच्या आधी हिरडीला जेल लावलं. दुखलं तर डावा हात वर करा म्हणाल्या, आणि मी केला तेव्हा खरंच थांबल्या. दुसऱ्या दिवशी गाल सुजला, पण तो सुजणार हे आधीच सांगितलं होतं. थांबावं मात्र बराच वेळ लागलं.’ याला चारच तारे असतील. तरी फोन येईल तो हा वाचून. सुजलेला गाल आणि थांबावं लागल्याची तक्रार, या दोन गोष्टींमुळेच बाकीचं खरं वाटतं.

म्हणून पाच पैकी पाचाचा ध्यास सोड. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल संशोधन केंद्राने २०१७ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल दाखवलं होतं की खरेदीची शक्यता साधारण ४.० ते ४.७ रेटिंगला सर्वांत जास्त असते आणि पाचाकडे जाताना घसरू लागते. तो अभ्यास वस्तूंचा होता, दवाखान्यांचा नाही. पण सगळेच गोड बोलायला लागले की आपल्यालाही संशय येतोच की.

मागायचं कसं, ते सांगते. पहिली गोष्ट वेळ. अनेक दवाखान्यांत पेशंट खुर्चीतून उठतो न उठतो तोच रिसेप्शनवर त्याच्या हातात टॅब देतात. अर्धा ओठ बधिर, तोंडात कापूस, पाणी प्यायलं तर हनुवटीवरून ओघळतंय, आणि समोर पाच तारे! तो माणूस सुटका म्हणून काहीतरी दाबतो. भूल उतरल्यावर रात्र कशी जाईल हे त्याला अजून माहीत नसतं, मग लिहिणार काय? दाढ काढली असेल तर दुसऱ्या दिवशी तू स्वतः फोन कर. हा फोन रिव्ह्यूसाठी नसतो. रक्त थांबलं का, गोळ्या घेतल्या का, तोंड उघडतंय का, एवढंच विचारायला असतो. टाके काढायला येईल त्या दिवशी, किंवा कॅप बसवून चार दिवस जेवून झाल्यावर, रिव्ह्यूचा विषय काढ. तोवर त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी जमलेलं असतं.

वाक्य साधं ठेव: ‘इथे काय अनुभव आला तो गूगलवर लिहिलात तर नव्या माणसाला ठरवायला मदत होईल. जे आवडलं नाही तेही लिहा.’ मग लिंक पाठव आणि विषय सोड. फार तर एकदा आठवण. काय लिहायचं ते सांगू नकोस, शब्द तर अजिबात पुरवू नकोस. दहा रिव्ह्यूंत एकच विशेषण दिसलं की वाचणाऱ्याला कळतं. आणि हो, काहींना लिहायचंच नसतं, त्यांना भरीस घालू नकोस. रिव्ह्यूवर नाव दिसतं. पूर्ण कवळी बसवून घेतलेला कोणता माणूस जगाला सांगत सुटेल की हे दात माझे नाहीत? उपचार कोणता घेतला ते न लिहिताही रिव्ह्यू लिहिता येतो, हे सांगितलंस तर पुष्कळांना हायसं वाटेल.

मागायचं तर सगळ्यांकडे माग. एजन्सीने तुला दाखवलेलं रिव्ह्यू मागायचं सॉफ्टवेअर म्हणूनच मला पसंत नाही. पेशंटला आधी विचारायचं, ‘खूश आहात का?’ हो म्हणाला तर गूगलची लिंक, नाही म्हणाला तर आतल्या आत भरायचा खाजगी फॉर्म. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण फक्त खूश लोकांकडून रिव्ह्यू मागायला गूगलच्या धोरणात मनाई आहे. रिव्ह्यूच्या बदल्यात काही द्यायलाही. दात साफ करण्यावर सवलत देण्याचा तुझा बेत त्यातच येतो, तेव्हा तो रद्द कर. येल्प तर याहून कडक आहे, त्यांना व्यावसायिकाने रिव्ह्यू मागणंच मान्य नाही. तुझ्या सहायिकेने आणि मावसभावाने लिहिलेले रिव्ह्यूही काढायला सांग.

विकतच्या रिव्ह्यूंबद्दल लांबण लावत नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचा खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला आहे, आणि जाणूनबुजून मोडला तर एकेका उल्लंघनामागे पन्नास हजार डॉलरहून जास्त दंड होऊ शकतो. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं. कायदा बाजूला ठेवला तरी, जो माणूस दात न दाखवता दातांबद्दल लिहितो त्याच्याकडे जेल, डावा हात, सुजलेला गाल यांतलं काहीच नसतं. तो ‘बेस्ट सर्व्हिस’च लिहिणार.

चांगले रिव्ह्यू उचलून आपल्या वेबसाइटवर किंवा जाहिरातीत लावण्याआधी तुझ्या दंत परिषदेचे नियम वाच. हे सगळीकडे चालत नाही. ऑस्ट्रेलियात आरोग्यसेवेच्या जाहिरातीत पेशंटची प्रशस्तिपत्रं वापरायला कायद्यानेच बंदी आहे. पेशंटने स्वतःहून दुसऱ्या साइटवर लिहिणं वेगळं.

तुझ्या मित्राने सुचवलेला उपाय, म्हणजे ‘वाईट रिव्ह्यू लिहिणार नाही’ अशी पेशंटकडून आधीच सही घ्यायची, वाचून मी कपाळावर हात मारला. न्यूयॉर्कच्या एका दंतवैद्य बाईंनी नेमकं हेच केलं होतं. पेशंटने तरीही लिहिलं, तर बाईंनी त्याला दिवसाला १०० डॉलरप्रमाणे बिल पाठवलं. प्रकरण कोर्टात गेलं, २०१५ मध्ये तो करार रद्दबातल ठरला, आणि पुढच्याच वर्षी अशा अटींविरुद्ध अमेरिकेत कायदा आला. त्या बाईंचं दंतकाम कसं होतं हे आज कोणी विचारत नाही.

आता तुझा मसुदा. रिव्ह्यू असा आहे: ‘रूट कॅनालनंतर तीन दिवस दुखत होतं. आधी सांगितलेल्या खर्चात कॅप नव्हती, नंतर वेगळे पैसे सांगितले.’ दोन तारे. त्यावर तू लिहिलंस, ‘आपण दुसऱ्या सिटिंगला उशिरा आलात, औषधांचा कोर्सही पूर्ण केला नाही, त्यामुळे खालच्या दाढेतला संसर्ग वाढला. कॅपबद्दल आपल्याला तोंडी कल्पना दिली होती.’ यातलं अक्षर न अक्षर खरं असेल. तरी हे टाकता येत नाही. तो पेशंट आहे, कोणती दाढ होती, कधी आला, औषधं घेतली की नाही, हे सगळं तू चव्हाट्यावर मांडतेयस. त्याने स्वतःबद्दल लिहिलं म्हणून तुला त्याच्याबद्दल लिहायची मुभा मिळत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये एका दंतवैद्यक संस्थेने येल्पवरच्या रिव्ह्यूला उत्तर देताना पेशंटचं आडनाव आणि आजाराचा तपशील लिहिला होता. ते प्रकरण १०,००० डॉलर भरून मिटवावं लागलं. २०२२ मध्ये दुसऱ्या एका दवाखान्याला अशाच कारणासाठी २३,००० डॉलर भरावे लागले.

आणि तुझं उत्तर मुळात त्या पेशंटसाठी नसतं. तो काही ते वाचून दोनाचे पाच तारे करणार नाही. वाचणार आहे तो रात्री दाढ धरून बसलेला माणूस, आणि तो एवढंच बघणार की बाईंवर टीका झाली तर त्या कशा वागतात. तुझ्या मसुद्यात त्याला रागावणारी डॉक्टर दिसेल, म्हणजे ज्याची भीती होती तेच. मी असं लिहिलं असतं: ‘आपण वेळ काढून लिहिलंत, आभारी आहोत. पेशंटच्या गोपनीयतेमुळे कोणाच्याही उपचाराबद्दल इथे बोलता येत नाही. आमच्याकडे रूट कॅनाल सुरू करण्याआधी कॅपसकट पूर्ण खर्च लेखी देण्याची पद्धत सुरू केली आहे. आपल्याला बोलायचं असल्यास दवाखान्यात फोन करा, डॉक्टर स्वतः बोलतील.’ बस. तिसरं वाक्य अर्थातच ती पद्धत खरोखर सुरू केल्याशिवाय टाकायचं नाही.

ती सुरू कर, कारण त्या माणसाचं चुकलेलं नाही. रूट कॅनालनंतर काही दिवस चावताना दुखू शकतं, हे तुला-मला पाठ आहे; त्याला ते आधी सांगितलं नसेल तर त्याच्या लेखी ते बिघडलेलं कामच आहे. कॅपचंही तसंच. आ वासून खुर्चीत पडलेल्या, घाबरलेल्या माणसाला दिलेली तोंडी कल्पना त्याच्या डोक्यात राहत नाही. सरळ उठवून बसव, कागदावर लिहून दे, एक प्रत त्याच्याकडे, एक तुझ्याकडे.

रिव्ह्यू खोटा असेल, माणूस कधी आलाच नसेल, तर गूगलकडे तक्रार कर. शिवीगाळ, प्रतिस्पर्ध्याने लिहिलेला मजकूर, असं काही धोरणात बसलं तर ते काढतात. पण ‘असं घडलंच नाही’ या वादात गूगल पंच म्हणून पडत नाही. मग त्यावर रात्र घालवू नकोस.

एक काम मात्र महिन्यातून एकदा कर. रिसेप्शनवरची मुलगी आणि सहायिका यांना घेऊन बस आणि महिन्याभरात आलेले सगळे रिव्ह्यू मोठ्याने वाचा. उपचाराच्या खुर्चीपेक्षा रिसेप्शनच्या टेबलाच्या तक्रारी किती जास्त असतात ते बघ: फोन उचलला नाही, अपॉइंटमेंट असून बसवून ठेवलं, बिलाबद्दल विचारलं तर तुटक बोलले. यातलं बरंचसं आठवड्याभरात सुधारता येतं.

सध्या एवढंच. त्या पेशंटला उद्या फोन कर, उत्तर त्यानंतर टाक. फोनवर रिव्ह्यूचा विषय काढू नकोस, दाढ कशी आहे ते विचार. आणि खर्चाच्या कागदाचा नमुना तयार झाला की मला पाठव. कॅपची ओळ वर घेतलीस की तळाशी बारीक अक्षरात, ते मला बघायचं आहे.

तुझी,
ताई