वही त्याच संध्याकाळी लिही

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

नेटचा निकाल कळला. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, पीएच.डी. करायचं म्हणतेस, फार आनंद झाला. तुझ्या आईने फोनवर आधी पैशांचं विचारलं, ते रास्तच आहे. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता, मग त्याच्या पुढची एसआरएफ झालीस की ४२,०००. काटकसरीनं भागेल. पुढे सायंटिस्टच्या जागा मात्र थोड्याच निघतात. हे घरी आत्ताच स्पष्ट सांगून टाक.

एनसीएलच्या नावावर भाळू नकोस, गाइड बघ. मुलाखतीला गेलीस की त्यांच्याकडच्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांबरोबर चहा घे. आधीच्यांना थिसिस सबमिट करायला किती वर्षं लागली, रिअ‍ॅक्शन फसली तर गाइड काय म्हणतात, हे विचार. नाव मोठं पण महिनोन्‌महिने भेट नाही, त्यापेक्षा रोज बेंचपाशी येऊन फ्लास्क उचलून बघणारा माणूस बरा.

आणि वही. माझ्या दुसऱ्या वर्षी एका रिअ‍ॅक्शनचं यील्ड, म्हणजे हाती आलेला पदार्थ, ८२ टक्के आलं. टीएलसीवर, म्हणजे शुद्धता तपासायच्या पट्टीवर, एकच स्वच्छ ठिपका. आनंदात मी वहीत ‘नेहमीप्रमाणे’ एवढंच लिहिलं आणि घरी गेलो. नंतर चार महिने तीच रिअ‍ॅक्शन चाळिसाच्या वर जाईना. रोज सॉल्व्हंट आणखी कोरडा करायचो, यील्ड आणखी उतरायचं. शेवटी आठवलं, त्या दिवशी घाईत अर्धी उरलेली जुनी बाटली वापरली होती. त्यात पाण्याचा अंश होता आणि रिअ‍ॅक्शनला तोच हवा होता. चार महिने एका न लिहिलेल्या ओळीपायी गेले, त्याची हळहळ अजून आहे. म्हणून सांगतो, बाटली कुठली, कधी उघडलेली, रंग किती वाजता बदलला, सगळं त्याच संध्याकाळी लिही. फसलेलं तर आधी लिही.

१९९० साली याच एनसीएलमधल्या नाडगौडा, मास्करेन्हस आणि सहकाऱ्यांचं काम ‘नेचर’मध्ये आलं. एरवी फुलायला कित्येक दशकं घेणारा बांबू त्यांच्याकडे टिश्यू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवताना, काही महिन्यांत फुलला होता. मला त्यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की माध्यमात काय आणि किती घातलं होतं ते त्यांना नेमकं सांगता आलं. नाहीतर ती एक नवलाची गोष्ट होऊन राहिली असती.

ग्लासब्लोइंगमधल्या, म्हणजे काचेची उपकरणं घडवणाऱ्या लोकांशी ओळख ठेव. तडकलेला कंडेन्सर ज्या हातांनी ते पुन्हा सांधतात, ते एकदा उभं राहून बघच.

रुजू व्हायला येशील तेव्हा स्टेशनवरून थेट घरी ये. पानांना क्रमांक छापलेली बांधीव वही तुझ्यासाठी आणून ठेवली आहे. तीत पेन्सिल वापरायची नाही.

तुझा,
काका