आडबाजूचं, उष्ण प्रदेशातलं किनारी गाव एका दिवसात कसं बघावं?

तुमचा प्रश्न असा, की उष्णकटिबंधातल्या एका दुर्गम किनारी गावात सकाळी पोचायचं आहे, संध्याकाळी निघायचं आहे, तर दिवस कसा आखावा. माझ्या मते 'काय काय बघू' ही यादी आधी बाजूला ठेवा. अशा ठिकाणी वेळापत्रक तीन गोष्टी ठरवतात: परतीचं वाहन, ओहोटीची वेळ आणि डोक्यावरचं ऊन. प्रेक्षणीय जागा यांच्या मधल्या फटीत बसवायच्या.

उतरल्या उतरल्या परतीची शेवटची बस किंवा बोट किती वाजता, हे दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. त्यातला एक तरी ती चालवणारा हवा, कारण ऑनलाइन वेळापत्रकं बरेचदा जुनी असतात. शेवटच्या फेरीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे जोरात सुटतात, पाणी उसळतं आणि छोट्या बोटींच्या फेऱ्या सगळ्यात आधी रद्द होतात. शिवाय उथळ खाडीतल्या धक्क्याला पूर्ण ओहोटीत बोट लागतच नाही, गाळात बसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि रोजची औषधं असतील तर दोन दिवसांची घ्या.

आता भरती-ओहोटी, कारण बहुतेकांचा दिवस इथेच फसतो. बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आठवड्यापूर्वीच्या कुणाच्या प्रवासवर्णनात 'सकाळी ९ वाजता वाळूच्या दांड्यावरून चालत बेटावर गेलो' असं असेल, तर तुमच्या वेळी तिथे पुरुषभर पाणी असू शकतं. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते. पाण्याची उंचीही सारखी नसते. कॅरिबियनमध्ये बऱ्याच ठिकाणी फरक अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो, तर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूमला तो उधाणाच्या वेळी नऊ-दहा मीटरपर्यंत जातो. म्हणून तक्ता त्याच बंदराचा आणि त्याच तारखेचा पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, हा फरक कमी असतो. तक्त्यात ओहोटीची उंची ऋण आकड्यात दिसली, तर नेहमीपेक्षा जास्त किनारा उघडा पडणार असं समजा. खाडीत आत असलेल्या जागी पाणी तक्त्यातल्या वेळेपेक्षा उशिरा फिरतं.

पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही, हे लक्षात ठेवायचं. नावाड्यांचा ढोबळ हिशोब असा: एकूण चढ बारा भाग धरला, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे निम्मं पाणी तिसऱ्या आणि चौथ्या तासातच येतं. पहिला तास 'काही विशेष चढत नाहीये' असं वाटून माणूस रेंगाळतो, तिथेच चूक होते. त्यातून वाळूचा दांडा मध्ये उंच असेल, तर पाणी आधी मागच्या, किनाऱ्याजवळच्या सखल पट्ट्यात भरतं. पायाखाली वाळू कोरडीच असते आणि परतीची वाट बंद झालेली असते. खडकांतली डबकी, प्रवाळ, दांडे बघायचे असतील तर पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघा आणि ओहोटीच्या क्षणालाच मागे फिरा. खारफुटीत होडीनं जायचं असेल तर उलट, भरती हवी. ओहोटीत तिथे फक्त चिखल असतो.

ऊन. उष्णकटिबंधात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि ऊन किती भाजेल हे सांगणारा अतिनील निर्देशांक ११ च्या वर, म्हणजे सर्वांत धोक्याच्या पातळीत सहज जातो. घड्याळ बघत बसू नका, सावली बघा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की आडोशाला जायची वेळ झाली. सनस्क्रीन मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला साधारण ३० मिलिलिटर लागतं. बहुतेक जण निम्म्याहून कमी लावतात आणि मग क्रीमला नावं ठेवतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. पालथं तरंगत मासे बघणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि गुडघ्यांमागची जागा भाजते, तिथे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब चड्डी क्रीमपेक्षा भरवशाची. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. चालताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. फार घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. मीठ अंदाजानं टाकू नका.

गाव बघायचं ते सकाळीच. होड्या परततात, बाजार भरतो आणि ऊन सुसह्य असतं. जुनी वस्ती सहसा उघड्या पुळणीवर नसते, ती खाडीच्या तोंडाशी किंवा टेकाडाच्या आडोशाला असते. म्हणून धक्क्यापासून सुरुवात करून समुद्राला पाठ करून दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीत शिरा. जाळी आणि दोर ओलांडू नका, वळसा घाला. फोटोआधी विचारा. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, तो अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्या. नारळाखाली बसू नका, ही गंमत नाही. संध्याकाळी सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो, संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. खडकाळ वाटेनं परतायचं असेल तर सूर्यास्त तिथून बघू नका.

पोहायचं असेल तर आधी दहा मिनिटं उंचावरून पाणी न्याहाळा. फेसाळ लाटांच्या मध्ये एखादा गडद, शांत पट्टा दिसतो आणि नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच जोरात आत परतत असतं. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. नदीच्या मुखाशी गढूळ पाण्यात उतरणं मी टाळायलाच सांगेन. तिथे प्रवाह असतो आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला किंवा आग्नेय आशियात मगरीही असतात. तिथल्या माणसांना एकच प्रश्न विचारा: 'तुमची पोरं कुठे पोहतात?'

उथळ वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सटकतं. तरीही काटा लागलाच, तर भाजणार नाही इतक्या गरम, ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात पाय अर्धा ते दीड तास बुडवा, वेदना बरीच उतरते. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपसू नका, थेट दवाखाना गाठा. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख कितीही सुंदर दिसला तरी उचलू नका. आत जिवंत प्राणी असेल तर त्याचा दंश जीवघेणा ठरू शकतो. प्रवाळानं खरचटलं तर जखम लगेच साबण आणि स्वच्छ पाण्यानं घासून धुवा. बारीक कण आत राहिले की दोन दिवसांत पू धरतो.