रेल्वे प्रकल्पावर रिस्क रजिस्टर दर महिन्याला भरतो, पण कुणी बघत नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: दुहेरीकरणाच्या कामावर तुम्ही नवे प्लॅनिंग इंजिनियर आहात. एक्सेलमध्ये १४० ओळींचं रिस्क रजिस्टर (कामातल्या संभाव्य धोक्यांची यादी) आहे, ते महिन्याच्या रिपोर्टला जोडलं जातं आणि तिथेच संपतं. निर्णय साईटवर, फोनवर, व्हॉट्सॲपवर होतात आणि सहा महिन्यांनी ‘हे ठरवलं कुणी?’ यावर भांडण होतं. यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

सॉफ्टवेअरचं शेवटी बोलू. रेल्वेच्या बांधकामांवर नियोजन आणि कंत्राट या बाजूला मला सोळा वर्षं झाली. तुमची फाईल न बघताही सांगते, तिच्यात ‘भूसंपादनास विलंब’ अशी एक ओळ आहे, शेजारी लाल रंगात ‘उच्च’ आणि उपायाच्या रकान्यात ‘पाठपुरावा सुरू’. आहे ना?

माझ्याही फाईलमध्ये अशीच एक ओळ होती: ‘उत्खननात सिग्नल केबल तुटणे. मध्यम. उपाय: योग्य ती काळजी घेणे.’ एका स्टेशनच्या यार्डात नाल्याची मोरी वाढवायची होती. नाल्याच्या कडेची माती ढासळत होती, म्हणून सिग्नलवाल्यांनी सुचवलं की नवी केबल ड्रॉइंगमधल्या जागेऐवजी तीन मीटर अलीकडून टाकू. चार जण झाडाखाली उभे होते, सगळ्यांना पटलं, चहा झाला, केबल पडली. कागदावर काहीही उमटलं नाही. दोन महिन्यांत चारांपैकी दोघांची बदली झाली. मग एका पहाटे पोकलेनवाल्याने ड्रॉइंग बघून, जिथे काहीच नाही असं दिसत होतं, नेमकं तिथेच बकेट घातलं. दोन स्टेशनांमधली ब्लॉक यंत्रणा, म्हणजे त्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडणारी व्यवस्था, बंद पडली आणि केबल जोडून होईपर्यंत गाड्या कागदी परवान्यावर सोडाव्या लागल्या. खोदण्याआधी बांधकाम, सिग्नल आणि वीज या तिन्ही खात्यांनी मिळून जागेवर खुणा करायच्या असतात, हा नियम सगळ्यांना पाठ होता. त्या दिवशी खुणा झाल्याही होत्या, पण जुन्या ड्रॉइंगवरून.

यात रजिस्टर चुकलं असं म्हणता येत नाही, धोका त्यात लिहिलेलाच होता. पण तो धोका वाढवणारा निर्णय झाडाखाली झाला आणि रजिस्टरला त्याचा पत्ताच लागला नाही. माझ्या मते तुमच्याकडेही दुखणं हेच आहे. जोखीम एका फाईलमध्ये आणि निर्णय चौघांच्या डोक्यात, दोघांची गाठच पडत नाही.

म्हणून आधी ओळ लिहायची पद्धत बदला. ‘भूसंपादनास विलंब’ खोडा आणि असं लिहा: ‘किमी ४२/६ जवळ दोन गट नंबरांचा मोबदला वाटायचा राहिलाय. ३१ जानेवारीपर्यंत ताबा मिळाला नाही, तर तिथला भराव पावसाआधी पुरा होत नाही आणि काम ऑक्टोबरवर जातं.’ ही ओळ वाचली की पुढचा प्रश्न आपोआप येतो: ताबा नाहीच मिळाला तर आपण काय करणार, आणि ते ठरवायची शेवटची तारीख कोणती? ती तारीख हा तुमच्या फाईलमधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना. आपल्याकडे ती बहुतेक वेळा जूनपासून उलटी मोजावी लागते. शक्यता आणि परिणाम मांडणारा पाच बाय पाचचा रंगीत तक्ता रिपोर्टसाठी ठेवायचा तर ठेवा. त्यात ‘मध्यम’ की ‘उच्च’ यावर मी तासतास वाद घातलेत, हाती काही लागलं नाही.

हे नीट केलेलं बघायचं असेल तर कोकण रेल्वेची पावसाळ्याची तयारी बघा. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, गाडी घसरली आणि ५१ माणसं गेली. ‘दरड कोसळणे: उच्च’ एवढं लिहून तिथे भागणारच नव्हतं. आज त्या मार्गावर पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं, डोंगर कापून रूळ नेलेल्या धोक्याच्या जागांवर (कटिंगांवर) गस्त असते, काही स्टेशनांवर पर्जन्यमापक असतात. पानवलचा उंच पूल, मांडवी, झुआरी आणि शरावती इथे वाऱ्याचा वेग मोजला जातो. काळी, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी कळवणारी यंत्रणा आहे. जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं की लोको पायलटने ताशी ४० किलोमीटरवर यायचं, ही सूचना हंगामाआधीच दिलेली असते. धोका, तो ओळखायचं माप आणि मग करायचं काय, हे तिन्ही एकाच ठिकाणी. रात्री दोन वाजता कुणाला फोन करून ‘साहेब, काय करू?’ असं विचारायला नको. बांधकामातही हे जमतं. ‘पुलाचे गर्डर १५ मार्चपर्यंत साईटवर आले नाहीत, तर एप्रिलचा ट्रॅफिक ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवायची वेळ) रद्द करायचं पत्र १६ तारखेला जाईल’ असं जानेवारीतच लिहून सही घेऊन ठेवा. मार्चमध्ये सगळे आशेवर असतात, तेव्हा कुणी सही करत नाही.

उलटं उदाहरण लंडनचं. तिथली एलिझाबेथ लाईन, म्हणजे शहराखालून जाणारा नवा रेल्वेमार्ग, डिसेंबर २०१८ मध्ये सुरू होणार होती. ती होणार नाही हे जाहीर झालं ऑगस्ट २०१८ च्या शेवटी, म्हणजे जेमतेम सव्वातीन महिने आधी. मधल्या बोगद्यातून प्रवासी गेले ते २४ मे २०२२ ला. एकाच गाडीला तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांमधून जायचं होतं, चाचण्यांना वेळ लागणार होता, आणि उद्घाटनाची तारीख हलवायची नाही म्हणून तोच वेळ आवळत गेले. ‘तारीख पक्की’ हाही एक निर्णयच होता. तो कोणत्या गृहीतकावर घेतला होता आणि ते गृहीतक अजून टिकून आहे का, हे दर महिन्याला कुणीतरी विचारायला हवं होतं.

आता निर्णयांची नोंद. एक साधी वही किंवा शीट करा. निर्णयाला क्रमांक, तारीख, काय ठरलं, कुणी ठरवलं, काय गृहीत धरलं, कोणत्या ड्रॉइंगवर परिणाम होतो आणि रजिस्टरमधली कोणती ओळ बदलते. आणखी एक रकाना हवाच: कोणते पर्याय नाकारले आणि का. हा भरायला माणसं कंटाळतात, पण नवे साहेब आले की पहिला प्रश्न हाच असतो, ‘इथे तसं का नाही केलं?’ चार ओळींत आटपा. पानभर फॉर्म केलात तर तिसऱ्या आठवड्यापासून तो कोरा येईल. झाडाखाली ठरलं तर ठरू द्या, फक्त त्याच दिवशी संध्याकाळी ‘आज साईटवर असं ठरलं, निर्णय क्र. ३७, हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवावी’ असा मेल जायला हवा. क्रमांक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. ग्रुपवरची चर्चा बंद करायला जाऊ नका, ती होत नाही.

जबाबदार म्हणून ‘कंत्राटदार’ किंवा ‘एस अँड टी (सिग्नल आणि दूरसंचार) विभाग’ लिहू नका, खात्याला फोन करता येत नाही. पद आणि नाव दोन्ही लिहा. बदली झाली की चार्ज देताना त्या माणसाच्या नावावरच्या उघड्या ओळी कागदावर निघाल्या पाहिजेत. हे आमच्याकडे मी भांडून सुरू केलं आणि सुरुवातीला त्यापायी बरीच बोलणीही खाल्ली.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती तुम्हाला कुणी उघडपणे सांगणार नाही. लोक लिहायला घाबरतात. ऑडिट येईल, दक्षतावाले विचारतील, कंत्राटदार लवादात तोच कागद पुढे करेल. ही भीती खोटी नाही. म्हणून दोन गोष्टी पाळा. नोंदीत फक्त काय माहीत होतं आणि काय ठरलं एवढंच लिहा, दोष कुणाचा हे नको. आणि कंत्राटदाराबरोबरचं सामाईक रजिस्टर वेगळं, पैशांचा अंदाज असलेलं आपलं अंतर्गत वेगळं ठेवा. हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे काम कशामुळे आणि किती दिवस अडलं याची वही, तर तुमच्या साईटवर असेलच. मुदतवाढीचा हिशोब शेवटी त्यावरच होतो, त्यामुळे रजिस्टरमधली जोखीम प्रत्यक्षात आली की त्याच दिवशी तिची नोंद तिकडे गेली पाहिजे. दोन्हीकडच्या तारखा जुळल्या नाहीत तर समोरचा वकील तेवढंच धरून बसतो.

माझ्या ओळखीच्या एका इंजिनियरला चार वर्षांनी विचारणा झाली, पुलाचा उघडा पाया सोडून पाईल (जमिनीत खोल जाणारे खांब) का घेतले, खर्च वाढला. त्यांच्या डायरीत दोन ओळी होत्या: जमीन तपासायच्या बोअरमध्ये अपेक्षित खडक कुठल्या खोलीवर मिळाला नाही, आणि कोणाशी बोलून बदल ठरवला. पत्राचं उत्तर अर्ध्या पानात झालं. घाबरणाऱ्यांना मी हा किस्सा सांगते, नियमावलीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

बैठकीत १४० ओळी वाचू नका. ज्यांची ‘ठरवायची शेवटची तारीख’ पुढच्या ३० दिवसांत येते तेवढ्याच काढा, आठ-दहा निघतील. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं, उभ्याउभ्या. शेवटच्या चाचण्या आणि मार्ग सुरू करण्याआधीची रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी जवळ आली की या ओळी एकदम वाढतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा बसा.

आणि सॉफ्टवेअर. सहा महिने एक्सेलच वापरा. तीन शीट पुरेत: जोखीम, निर्णय, हिंडरन्स, आणि तिन्हींत एकमेकांचे क्रमांक. सहा महिन्यांनी ‘निर्णय’ शीटमध्ये तुमच्याशिवाय आणखी दोघांनी स्वतःहून ओळी भरल्या असतील तर सॉफ्टवेअरचा विषय काढा. तोवर कुणी डेमो द्यायला आलंच, तर त्यांना एवढंच विचारा: निर्णय क्र. ३७ मुळे कोणकोणती ड्रॉइंग बदलली, हे तुमच्या स्क्रीनवर दाखवता येतं का?