बऱ्हाणपूरचा कंपोनंट सुरूच होत नाही

प्रश्न : ताई, मी रावेरचा. केळीचे रोजचे भाव दाखवणारा प्रोग्राम जावात, ओएसजीआयवर (प्रोग्रामचे सुटे भाग एकमेकांना जोडून चालवणारी जावाची व्यवस्था) केला आहे. भाव देणाऱ्या सर्व्हिस दोन : रावेर आणि बऱ्हाणपूर. कंपोनंट म्हणजे भाव दाखवणारा सुटा भाग; त्याच्या रेफरन्सला (त्याला लागणाऱ्या सर्व्हिसच्या मागणीला) (बाजार=रावेर) असे टार्गेट, म्हणजे कोणती सर्व्हिस हवी ते सांगणारा फिल्टर, दिले की नीट चालते. तोच क्लास कॉपी करून (बाजार=बऱ्हाणपूर) दिले, तर तो सुरूच होत नाही आणि एररही येत नाही. टार्गेट काढले की सुरू होतो, पण भाव रावेरचे दाखवतो. दोन्हीकडचा कोड सोबत पाठवला आहे.
– एक वाचक, रावेर

उत्तर : भाऊ, टार्गेट काढून प्रोग्राम लोकांच्या हाती देऊ नका. बऱ्हाणपूरच्या नावाखाली रावेरचा भाव दिसला, तर शेतकरी त्याच आकड्यावर व्यापाऱ्याशी बोलणार. भाव दिसला नाही तरी चालेल, चुकीचा दिसता कामा नये.

एरर येत नाही, कारण फ्रेमवर्कच्या लेखी काही बिघडलेलेच नाही. डिक्लेरेटिव्ह सर्व्हिसेसमध्ये (ओएसजीआयचा कंपोनंट आणि सर्व्हिस जोडणारा भाग) साध्या फील्डवरचा रेफरन्स मुळात सक्तीचा असतो. फिल्टरला जुळणारी सर्व्हिस मिळेपर्यंत कंपोनंट थांबून राहतो. टार्गेट काढल्यावर दोन्ही सर्व्हिस पात्र ठरतात. मग जिचे रँकिंग (प्राधान्याचा आकडा) जास्त ती निवडली जाते, रँकिंग सारखे असेल तर आधी नोंदलेली. तुमच्याकडे रावेरची आधी नोंदली जाते, एवढेच. गोगो शेलमध्ये (ओएसजीआयला कमांड द्यायची खिडकी) 'एससीआर:इन्फो' आणि पुढे कंपोनंटचे नाव द्या. कोणता रेफरन्स अडला आहे आणि त्याचा फिल्टर काय, दोन्ही तिथे दिसेल.

आता तुमचा फिल्टर का जुळत नाही ते सांगते. दोन्हीकडचे 'बऱ्हाणपूर' मी अक्षर-अक्षर सोडवून पाहिले. फिल्टरमध्ये ऱ, हलन्त, ह असे आहे. सर्व्हिसच्या प्रॉपर्टीत मात्र साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडचिन्हाचा युनिकोड आणि नंतर ह. वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाइप केले की असे होते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण जावाच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या स्ट्रिंग आहेत आणि फिल्टरमधले '=' अक्षरशः तुलना करते. '=' या चिन्हानंतर एक स्पेस पडली तरी जुळत नाही. म्हणून मराठी नाव दाखवण्यापुरते ठेवा आणि फिल्टरसाठी सर्व्हिसला रोमन अक्षरांतला छोटा, ठरलेला कोड द्या.

क्लासची कॉपीही काढून टाका, मला ती मुळीच पटलेली नाही. उद्या यावल, चोपडा जोडायचे म्हटले की आणखी दोन कॉप्या होतील. क्लास एकच ठेवा आणि प्रत्येक बाजारासाठी एक फॅक्टरी कॉन्फिगरेशन (एकाच क्लासला पुन्हा पुन्हा देता येणारा सेटिंगचा संच) करा. प्रत्येकाचा स्वतंत्र कंपोनंट तयार होईल. फिल्टर त्या कॉन्फिगरेशनमध्येच लिहायचा. प्रॉपर्टीचे नाव म्हणजे रेफरन्सचे नाव, टिंब आणि 'टार्गेट' (हा शब्द इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत). रेफरन्सला वेगळे नाव दिले नसेल, तर फील्डचेच नाव धरले जाते. इथे एक अक्षर चुकले तर ती प्रॉपर्टी गुपचूप दुर्लक्षिली जाते आणि ॲनोटेशनमधले (कोडमध्येच @ लावून लिहिलेल्या सूचनेतले) टार्गेट लागू होते. म्हणून ॲनोटेशनमध्ये मी मुद्दाम कशालाच न जुळणारा फिल्टर ठेवते, उदाहरणार्थ (बाजार=नेमायचा_आहे). मग विसरभोळेपणाने भलताच बाजार जोडला जात नाही. कॉन्फिगरेशन पॉलिसीही 'रिक्वायर' करा, म्हणजे कॉन्फिगरेशन नसेल तर कंपोनंट सुरूच होणार नाही.

पुढे आवकेवरून गाळायचे झाले, तर (&(बाजार=रावेर)(आवक>=१०)) असे लिहिता येते; खऱ्या फिल्टरमध्ये आकडा इंग्रजी अंकांत लिहा. नुसते '>' चालत नाही. सर्व्हिसने आवक पूर्णांक म्हणून नोंदवलेली हवी. स्ट्रिंग असेल तर ९ हे १० पेक्षा मोठे ठरते.

चालू प्रोग्राममध्ये फिल्टर बदलता येतो. पण रेफरन्स स्टॅटिक (कंपोनंट चालू असताना सर्व्हिस न बदलणारा) असेल आणि जोडलेली सर्व्हिस नव्या फिल्टरला जुळत नसेल, तर जुना कंपोनंट बंद होऊन नवा तयार होतो. दिवसभराचे भाव त्याच्या फील्डमध्ये साठवत असाल, तर ते आधी बाहेर काढा.