प्ले थेरपीत, म्हणजे खेळातून होणाऱ्या मानसोपचारात, मुलगा आत काय करतो ते थेरपिस्ट सांगत नाही, पालक म्हणून आमचा काहीच हक्क नाही का?

तुमचा मुलगा ७ वर्षांचा, चार सेशन झाली, थेरपिस्ट तुम्हाला बाहेर बसवते आणि विचारलं की "छान खेळला" एवढंच सांगते, आणि फी आम्ही भरतो मग आम्हाला कळायला नको का, असं तुम्ही विचारलंय. स्पष्ट सांगते, ती बरोबर वागतेय. तुम्हाला सांगत नाही म्हणजे बहुतेक दुसऱ्या कुणालाही सांगत नसणार, आणि ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मला विचारा.

२०१९ मध्ये माझे वडील गेले तेव्हा माझी मुलगी ६ वर्षांची होती. दुपारी घरातच गेले, आणि त्या वेळी त्यांच्याजवळ ती एकटीच होती, आम्हाला वाटलं आजोबा-नात झोपलेत. त्यानंतर तिचं शाळेत बोलणं बंद झालं. घरी बोलायची, शाळेच्या गेटच्या आत पाऊल टाकलं की एक शब्द नाही. मग नाशिकमधल्या एका सेंटरला प्ले थेरपीसाठी न्यायला लागलो. पहिल्या दिवशी रिसेप्शनवर सहा पानी फॉर्म, सगळा इंग्रजीत, मुलगी माझी ओढणी ओढतेय, मागे आणखी दोन पालक उभे, आणि काउंटरवरची मुलगी पेनाने दाखवतेय इथे सही, इथे सही, इथे पण. मी केल्या. वाचलं नाही, ती माझी चूक आणि ती मी कधीच नाकारली नाही.

दीड-दोन महिने झाले असतील. माझी नणंद शिक्षिका आहे, ती शिक्षकांच्या कसल्याशा ट्रेनिंगला दुसऱ्या गावी गेली होती. संध्याकाळी तिचा फोन आला, मी पोळ्या करत होते म्हणून स्पीकरवर टाकला. "वहिनी, अगं आज आम्हाला आपल्या मनूचा व्हिडिओ दाखवला! चेहरा ब्लर केला होता पण आवाज तिचाच, आणि तो पिवळा फ्रॉक मीच घेतलेला ना, लगेच ओळखलं. काय गं ते लेकरू, वाळूत एका म्हाताऱ्या बाहुल्याला पुरतं, वर डब्यातलं पारले-जी ठेवतं आणि म्हणतं आप्पा उठा, चहा झाला. सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आलं."

मनू ओट्याशेजारी खाली डबे मांडून बसली होती. ती रडली वगैरे नाही. एकाचं झाकण दुसऱ्या डब्याला लावत राहिली, आणि फोन ठेवल्यावर मला विचारलं, "आत्याने कसं बघितलं? मी तर फक्त मॅडमना दाखवलं होतं."

पुढच्या शनिवारी ती रिक्षातून खालीच उतरेना. त्याच्या पुढच्या शनिवारी पण नाही. घरी जे बोलायची तेही कमी झालं. मी सेंटरला जाऊन विचारलं तर त्यांनी फाइल काढली आणि चौथ्या पानावरची ओळ दाखवली, प्रशिक्षणासाठी रेकॉर्डिंग वापरू शकतो अशी, आणि खाली माझी सही.

नवऱ्याचं म्हणणं, सही तर तूच केलीस. नणंदेचं म्हणणं, चेहरा झाकला होता, चांगल्या कामासाठी होतं, एवढे शिक्षक शिकले त्यातून. हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही म्हणून इथेच सांगते. सही घेतली म्हणजे संमती घेतली असं होत नाही. संमती म्हणजे काय होणार, कशासाठी, कोण बघणार, नको म्हटलं तर काय, हे मला कळेल अशा भाषेत समोर बसून सांगणं आणि मग मी हो म्हणणं. रेकॉर्डिंगची संमती वेगळी असते, थेरपीच्या संमतीच्या पोटात घालून घ्यायची नसते, त्याला नाही म्हटलं तरी थेरपी चालू राहिली पाहिजे, आणि आज हो म्हणून उद्या मागे घेता आली पाहिजे. चेहरा झाकला म्हणता, पण जे मूल शाळेत तोंड उघडत नाही त्याचा आवाजच तुम्ही हॉलभर ऐकवलात. आणि तिला कुणी विचारलं होतं? ६ वर्षांच्या मुलाची सही चालत नाही हे मलाही माहितीये, पण होकार विचारता येतो. मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं असं बालहक्कांच्या करारातसुद्धा आहे, १९८९ चा करार, भारताने १९९२ मध्ये मान्य केलेला.

सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या थेरपिस्टकडे गेलो. त्यांनी पहिल्या वेळी मनूला बोलावलंच नाही, आम्हा दोघांनाच बोलावलं आणि पाऊण तास मराठीत सगळं सांगितलं. खेळ हीच मुलांची भाषा, त्यात मूल पुढे आणि थेरपिस्ट मागे, हे व्हर्जिनिया अॅक्सलाइन यांनी १९४० च्या दशकात मांडलं आणि अजून त्याच पायावर काम चालतं, असं त्यांच्याकडूनच कळलं. मग मनूला माझ्यासमोर सांगितलं, तू इथे काय खेळतेस ते मी आईला सगळं सांगणार नाही, पण तुला कुणी त्रास देत असेल किंवा तुला दुखापत होईल असं काही असेल तर मोठ्यांना सांगावं लागेल, आणि ते आधी तुला सांगेन. मनूने एकच विचारलं, "तुमचा फोन कुठाय?" बाईंनी फोन तिच्यासमोर बंद केला, तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या तू ठेव कुठे ठेवायचा ते. तिने टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवर ओढून बघितला उघडतो का, पुन्हा लावला. नंतर प्रत्येक वेळी आत गेल्यावर पहिलं काम हेच. वाळूला हात लावायला तिला तीन महिने लागले.

आता तुमचं. तुम्हाला हक्क नाहीत असं नाही. कशासाठी थेरपी चाललीये, साधारण किती सेशन, काय फरक पडतोय, हे दर चार-पाच सेशननंतर वेगळी वेळ घेऊन विचारा, मुलासमोर दारात नको. थेरपिस्टचं शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन असतं, नंबर मागायला लाजू नका. प्ले थेरपीचं ट्रेनिंग कुठे घेतलं, त्यांच्या कामावर सुपरव्हिजन कोण करतं, नोंदी कुठे ठेवतात, कोण बघतं, तेही विचारा. फॉर्मची कॉपी घ्या. रेकॉर्डिंगची ओळ सापडली तर खोडून बाजूला सही करा, आणि आधीच सही झाली असेल तर मागे घेतोय असं लेखी द्या. पण तो वाळूत काय पुरतो ते विचारू नका, घरी आल्यावर त्यालाही खोदून खोदून विचारू नका.

थोडं कायद्याचं, मी वकील नाही हे धरून वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गोपनीय ठेवायची असं आहे, पण १८ वर्षांखालच्या मुलासाठी पालकच प्रतिनिधी, त्यामुळे तुम्ही माहिती मागू शकता, मागणं बेकायदा नाही. मी मागू नका म्हणते ते मनूमुळे. आणि लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं थेरपिस्टला बंधनकारकच आहे, तिथे गुपित चालत नाही. म्हणून "काहीतरी भयंकर असेल आणि ती लपवेल" ही भीती असेल तर ती काढून टाका. घटस्फोट किंवा ताब्याची केस चालू असेल तर मात्र गणित वेगळं, कोर्ट नोंदी मागवू शकतं, ते सुरुवातीलाच थेरपिस्टशी बोलून घ्या. आणि चौकशीची वेळ मागूनही प्रत्येक वेळी टाळत असतील तर सरळ दुसरीकडे जा.

आमची मनू आता शाळेत बोलते. आप्पांबद्दल ती त्या खोलीत काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. नणंद अधूनमधून म्हणते, वहिनी तू फार ताणलंस. मी तिला म्हणते, ताई, त्या व्हिडिओची कॉपी अजून कुणाकुणाकडे आहे ते तुम्ही मला शोधून द्या, मग बोलू.