गोदावरीच्या गाळलेल्या पाण्याचा थेंब टाकल्यावर ई. कोलाय या जीवाणूच्या थरावर स्वच्छ डाग पडला. म्हणजे फाज (जीवाणूंना मारणारा विषाणू) मिळाला का?

नुसत्या डागावरून नाही. तोच नमुना दहा-दहा पट पातळ करत नेल्यावर डागाच्या जागी सुटे, मोजता येणारे प्लाक, म्हणजे जीवाणूंच्या थरातली छोटी भोकं, दिसले तरच फाज मिळाला म्हणा. नमुन्यातले जीवाणू मारायला घातलेला आणि पाण्यात उरलेला क्लोरोफॉर्म किंवा दुसऱ्या जीवाणूंनी सोडलेलं बॅक्टेरिओसिन हे विषही ई. कोलाय मारतं, पण ते वाढत नाही, म्हणून पातळ केल्यावर डाग फक्त फिकट होत जातो. फाज मात्र एकटा असला तरी आपलं भोक पाडतोच. नांदेडला एम.एस्सी.च्या मुलांकडून हे दरवर्षी करून घेतो: ०.१ मिली पातळ नमुना, ई. कोलायचं ऐन वाढीतलं ताजं कल्चर (वाढवलेले जीवाणू) आणि ४५ अंशांवर पातळ राखलेला ०.६ टक्के अगार (थंड झाल्यावर जेलीसारखा गोठणारा पदार्थ) एकत्र करून प्लेटवर ओतायचा, ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचा. नळी मनगटाला सोसवली की ओता. घाईत कढत अगार ओतला की कल्चरच मरतं, आणि कोरी प्लेट बघून पोरं ‘सर, सगळंच खाल्लं!’ म्हणत नाचतात. दहा लाख पट पातळ केलेल्या नळीतल्या ०.१ मिलीतून ५० प्लाक आले, तर मूळ नमुन्यात मिलीला ५० कोटी फाज. फक्त एक: प्लाक काचेसारखे स्वच्छच हवेत असं नाही. जीवाणूच्या डीएनएत दडून बसणारे फाज गढूळ प्लाक पाडतात, ते फेकून देऊ नका.